कारणाचा रकाना

तालुक्याहून फॉर्म आलाय.
शाळा सोडायचं वय
चौदावरून अठरा करावं का?
होय, नाही, असे दोन चौकोन,
आणि मत पन्नास शब्दांत.
खाली सही, शिक्का.

मी क्लार्क. एकवीस वर्षं दाखले लिहितोय,
निळ्या शाईनं, खाडाखोड न करता.
शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात
'पालकांच्या विनंतीवरून' एवढंच लिहायचं,
माझ्या आधीच्या क्लार्कनं शिकवलं.
त्यात सगळं मावतं.
मिरचीची पथारी मावते,
सुरतचे लूम मावतात,
जयवंतीचं लग्न मावतं,
मुलींच्या संडासाची तुटलेली कडीसुद्धा.

वयाचं म्हणाल, तर तेही आमच्याच हातचं.
रजिस्टर उघडा,
अर्धं गाव एक जूनला जन्मलंय.
नाल्यावरचा पूल वाहून गेला
त्याच्या आदल्या साली झाला, असं आई सांगायची,
गुरुजी बोटं मोजायचे
आणि लिहून टाकायचे.
त्या अंदाजात आता आणखी चार वर्षं मिळवायची.

दिलवर वसावे, नववी ब.
दिवाळीनंतर आला तो दाखला मागायलाच.
बोटं लाल, नखांच्या कडा सोललेल्या.
पथारीवर काम केलेलं पोर डोळ्याला हात लावत नाही,
खांद्यानं घाम पुसतं.
"भाऊसाहेब, दाखला दी टाका.
सुरतनी गाडी शे रातले."

मी म्हटलं, शिक्का हेडमास्तरांच्या कपाटात आहे.
दुसऱ्या दिवशी म्हटलं, पॅड वाळलंय.
तिसऱ्या दिवशी, तुझ्या आजाचं नाव
रजिस्टरात वेगळं दिसतंय, तपासावं लागेल.
शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये होता,
ड्रॉवरला गुडघा लावून मी बसलो होतो.

वाट बघायची तर कुठं बघणार,
तो वर्गात जाऊन बसे.
असे नऊ दिवस.
भूमितीचा तास झाला, भूगोलाचा झाला,
विज्ञानाचा नाही, दोन वर्षं मास्तरच नाही.
एकदा ऑफिसात कंपास मागायला आला
आणि दाखल्याचं विचारायचं विसरून गेला.
त्या दुपारी मी पेन उचललं होतं,
'होय'च्या चौकोनावर धरलंही होतं.

दहाव्या दिवशी दारातूनच म्हणाला,
"अठरा लोंग बसाडशात,
मंग देशात काय?"
रागानं नाही. खरंच विचारत होता.
मी गुडघा बाजूला घेतला.

दाखला लिहिला. कारणाशी येऊन थांबलो.
म्हटलं, तूच सांग, काय लिहू.
पंख्याकडे बघत राहिला जरा वेळ.
"लिखा, परत येसु."
हे कारण होत नाही रे, म्हटलं,
आणि लिहिलं.

स्थळप्रत हेडमास्तरांकडून परत आली,
लाल गोल, शेजारी प्रश्नचिन्ह.
गाडी तोवर नवापूरच्या पुढं गेली असणार.

उद्या फॉर्मची शेवटची तारीख.
दोन्ही चौकोन कोरे आहेत,
मी नुसते शब्द मोजतोय.
विज्ञानाची जागा भरा, तीन गेले.
संडासाला कडी लावा, आणखी तीन.
उरले चव्वेचाळीस.