प्रश्न सत्तावीस

झेरॉक्स तुमसरची. दोन रुपये पान,
एकशे बारा पानं, स्पायरलचे वेगळे.
मूळ नोट्स नागपूरच्या, कुणाच्या तरी मोठ्या भावाच्या,
त्याच्या आधी आणखी कुणाच्या.
म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स.
कडेला काळा पट्टा, स्टेपलची सावली,
पान चौसष्टवर कुणाचा तरी चहा सांडलेला,
तो आता चहा नाही, चहाचं चित्र आहे.

ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत आम्ही दोघी,
मी आणि सुकेशिनी शहारे.
परीक्षा जूनमध्ये. पंखा फक्त पाचवर चालतो,
म्हणून प्रत्येक कागदावर एक दगड.

'सगळे' म्हणजे उलटा ए,
चिंचेला टांगलेल्या वाघळासारखा.
'एक तरी' म्हणजे पाठमोरा ई,
भिंतीला टेकवलेलं दाताळं.
सुकेशिनी म्हणते, वाघूळ आधी का दाताळं आधी,
सारा घोळ तेवढाच हाये.

मी तिला खिडकीतून दाखवते:
प्रत्येक घरासाठी एक नळ आहे.
एक नळ आहे, प्रत्येक घरासाठी.
पहिलं वाक्य फलकावर, निळ्या ऑइलपेंटात.
दुसरं त्याच फलकाखाली
सतरा गुंड घेऊन उभं.
दुसऱ्यावरून पहिलं निघतं,
पहिल्यावरून दुसरं निघत नाही.
'म्हनजे फलक खोटा नाई?'
नाही ना. तोच तर त्रास आहे.

सत्ताविसाव्या प्रश्नाने तीन दिवस खाल्ले.
उत्तरसूचीत ब. आमचं दरवेळी ड, यांपैकी नाही.
बाबांच्या राईस मिलमधल्या जुन्या पावतीबुकाच्या पाठीवर
सोळा ओळींचा तक्ता, चारदा.
अकराव्या ओळीत आधार सगळे खरे
आणि निष्कर्ष खोटा.
पंधरा ओळी एका बाजूने असल्या तरी
ही एकटी पुरते.
मला हे फार आवडतं.
गावच्या बैठकीत असं कधी होत नाही.

तिसऱ्या रात्री मोबाइलच्या उजेडात
पान तिरपं धरलं.
तिसऱ्या आधारात, 'र'च्या आधी
जागा जरा जास्त होती,
दाणा गळून गेलेल्या लोंबीत असते तेवढी.
कोणत्या तरी दुकानात, टोनर संपत आलेला असताना
एक 'नाही' राहून गेलं होतं,
आणि पुढच्या सगळ्या प्रतींनी ते
इमानदारीनं राखलं होतं.

पेनानं घातलं. एवढंसं, शेंडा खाली वाकलेलं.
अकरावी ओळ आधारातच अडकली.
ब.
सुकेशिनीला फोन केला, साडेबारा वाजले होते.
ती म्हणाली, मरो.
मग म्हणाली, थांब, मीबी घालते.

रविवारी दारात जीप थांबली.
गोरेगावची मंडळी, चौघं,
नदीच्या रेतीतली दोन डांगरं घेऊन.
आई माझ्याकडे बघते, मी आईकडे.
तिनं बुधवारी गच्चीवर उभं राहून, एका कानावर हात दाबून
फोनवर सांगितलं होतं:
आमचं यंदा करायचं नाई जी.
रेंज एकच कांडी होती.
तिकडे पोचलं: आमचं यंदा करायचं.

पोहे झाले, वर तर्री झाली.
मुलाच्या काकांनी विचारलं, पोरगी काय शिकते?
मी सांगितलं, तर्कशास्त्र, कॉम्प्युटरचं.
म्हनजे?
म्हणजे कशावरून काय निघतं, ते.
असं, म्हणाले ते, आणि पुन्हा पोह्यांकडे वळले.
मुलगा मात्र हसला. त्याचे दात चांगले होते,
हे इथे नोंदवून ठेवते, याच्यावरून काही निघत नाही.

मग आईनं कप गोळा करता करता,
समोरासमोर, रेंज असलेल्या आवाजात
तिचं ते 'नाई' परत त्याच्या जागी ठेवलं.
कुणी रागावलं नाही. डांगरं परत नेली नाहीत.

जीप वळायच्या आत सुकेशिनी सायकलवरून आली,
घामानं निथळत, पुस्तक छातीशी धरून:
एकतीसमधीबी जागा दिसून राहिली वो,
पन तिथं काय होतं, ते समजत नाई.