दोन उंदीर

धान्याच्या कोठीमागे, भिंतीत,
माझ्या मायच्या खांद्याइतक्या उंचीवर
एक खड्डा होता. वाटीएवढा, गुळगुळीत,
बोटं फिरून फिरून झालेला.
त्याच्या हातभर खाली दुसरा होता, लहान.
तो माझा.

बाबानं एकदा बॅटरी लावून पाहिलं.
"दोन उंदीर हायेत," म्हणाला,
"एक मोठा, एक लहाना."
घाटंजीच्या बाजारातून पिंजरा आणला,
आत भाकरीचा तुकडा लावला.
तीन दिवस भाकरी तशीच.
चौथ्या दिवशी मायनंच ती कोंबड्यांना टाकली.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

सारवताना ओल्या मातीचा वास सुटायचा
अन् जिभेच्या मुळाशी पाणी यायचं.
लाज वाटायची, तरी यायचं.
शाळेत मी पाटीवरची पेन्सिल खायची.
आठवड्याला एक डबा.
दुकानातला देवमन म्हणे, "लई अभ्यास करते आचल."
अभ्यास कुठचा!
दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकलं
की घंटा होईस्तोवर उचलायचं नाही.
पेटकर सरांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं, आळशी.
बाबानं खाली सही केली.

माय कापूस वेचता वेचता ओळीत खाली बसायची.
बाया म्हणत, लघवीला बसली असंल.
ती श्वास जमवत असायची.
रात्री भगुण्याच्या तळाशी राहील ते तिचं.
वरण संपलेलं असायचं,
वरणाचा रंग राहिलेला असायचा.

उईके सिस्टरनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली,
मग तिला दारात उजेडात नेलं
अन् पुन्हा ओढली.
बोटाला टोचलं. सात पॉइंट एक.
"कितीपैकी?" मायनं विचारलं.
"अकराच्या वर पाह्यजे, दुर्पताबाई."
"मंग पास झाली ना मी," माय म्हणाली अन् हसली.
सिस्टर हसली नाही.
मायला सातवा महिना होता.

लाल गोळ्या दिल्या. जेवण झाल्यावर,
चहासंगं नाही, वरून लिंबू.
शौचाला काळं होईल, भिऊ नका.
माय काळ्याला भ्याली नाही, मळमळीला भ्याली.
अकरा दिवसांनंतरच्या गोळ्या
बांगड्यांच्या डब्यात खडखडत राहिल्या.

भाऊ झाला तो दोन किलोला शंभर ग्रॅम कमी.
रडायचा, तेही लांबून आल्यासारखं.
मायचं रक्त थांबेना.
यवतमाळपर्यंत गाडीत मी तिचे पाय धरून होते,
कार्तिकातल्या पहाटेचे पाय.
बाबाचं रक्त जुळलं नाही.
मग खांबाला पिशवी टांगली.
कोणाचं तरी. चिठ्ठीवर नाव नव्हतं, नंबर होता.
शुद्धीवर आल्यावर माय म्हणाली,
"कोणाच्या घरी जेवून आल्यावानी वाटते
अन् घर मालूम नाही."

बाबाला तो डबा सापडला.
गोळ्या अंथरुणावर ओतून त्यानं मोजल्या,
परत भरल्या, झाकण लावलं.
एक शब्द बोलला नाही.
त्या रात्री मायचं ताट वाढेपर्यंत
त्यानं आपल्या ताटाला हात लावला नाही.
भाकरी थंड झाली.
रोज असं करतो, असं नाही.

मला शाळेत दर सोमवारी निळी गोळी.
पहिली मी व्हरांड्यात ओकले,
सरांनी वर वाळू टाकली.
दुसरी टिकली.
दिवाळीनंतर कधीतरी लक्षात आलं,
पेन्सिलनं मी लिहीत होते.

पोळ्याच्या आधी मायनं भिंत पोतारायला काढली.
पांढरमातीचा गोळा करून
आधी माझा खड्डा बुजवला, अंगठ्यानं घट्ट.
मग तिचा.
तळहातानं सारखा केला,
अन् तीच बोटं नाकाशी नेली,
तशीच उभी राहिली, बराच वेळ.
मग बादलीत हात धुतले.

बाबा दारातून म्हणाला,
"गेले वाटते उंदीर."
"लहाना गेला," माय म्हणाली.
"मोठ्याचं काही सांगता येत नाही."