पिवळी चिठ्ठी

शेफील्डात पावणेआठला
गॅरेथ चिठ्ठ्यांचं यंत्र घेऊन येतो,
तोवर आम्ही चौघंपाच जण
दह्याच्या डब्यांवरची अक्षरं उगाच वाचत उभे.

आज फ्लॉवर. एकोणीस पेन्स.
पाव दहाला, कडा वाळलेल्या.

पाला मी टाकत नाही.
देठ सोलायचे, लसूण ठेचायचा.
पावाचा उपमा होतो, बरा होतो;
मोहरी तडतडली की
छतावरचा धुराचा भोंगा
चाळीतल्या शेजारणीसारखा ओरडतो.

मीटरमध्ये दोन पौंड वीस उरलेत.
म्हणून डाळीला हिंग-हळद, एक उकळी,
आणि पातेलं रजईत गुंडाळून मी कामावर.
परत येईतो शिजलेली असते.
रात्री रजई पांघरली
की वरणात झोपल्यासारखं वाटतं.

आई फोनवर विचारते, काय जेवलीस?
भाजी, वरण, गोड.
खोटं नाही. गोड म्हणजे
डोरीनबाईंनी स्वतःच्या टोपलीतून
माझ्या टोपलीत सरकवलेलं कस्टर्ड,
मुदत आजची.
माझ्या हातातला पाला बघून म्हणाल्या,
हे खातेस?
कोंड्याचा मांडा इंग्रजीत कसा सांगायचा?
नुसतीच मान हलवली.

आज त्याच फळीपाशी
त्यांनी हळूच विचारलं,
आधी मोहरी, की लसूण?