कोरी गाडी

भरमाण्णा सांबरेकर पहिल्यांदा ऑटोनगरात आला
तेव्हा गाडी सेकंडहँड होती, हौस नवी.
म्हणाला, पेंटर, झुरळ असं काढा
की पोर बघून आईच्या पदरात शिरलं पाहिजे.
मी काढलं. दारभर. मिशा आरशापर्यंत नेल्या.
वर कन्नड, मोठं, कारण ऑफिसातनं माणूस येतो पट्टी घेऊन;
खाली मराठी, कारण त्याचे निम्मे फोन खालचं वाचून येतात.
जिरळे. झुरळ.
लिहिता लिहिता वाटलं, सरहद्द ओलांडायला याला
एवढंसंच तोंड वाकडं करावं लागलं.
वाळवीचं तसं नाही. तिकडं ती गेद्दलु,
इकडं वाळवी, ओळख ना पाळख,
चौकट मात्र दोघी मिळून एकच खातात.

पहिले दोन महिने दणक्यात.
शहापूर, वडगाव, अनगोळ,
फाटक पडलं की मागचा स्कूटरवाला नंबर टिपून घ्यायचा.
औषध कोण बघतंय वो, भरमाण्णा सांगायचा,
लोक गाडी बघतात. गाडी स्वच्छ तर माणूस स्वच्छ.
यल्लूबाई रोज सकाळी बॉनेट पुसायची,
देव्हाऱ्यातला टाक पुसावा तशी, कोपरे धरून.

मग तो कुंदावाला. नाव सांगत नाही,
त्याच्या दुकानात माझीही उधारी आहे.
काम चोख हो तुमचं, म्हणाला,
पण ती मिशावाली अर्धा तास माझ्या काचेसमोर उभी होती,
तेवढ्यात तीन गिऱ्हाईकं पायरीवरनं परत फिरली.
रात्री या. मागच्या बोळात लावा.
त्याच्या मागनं मंगल कार्यालयवाला. मग एक लॉज.
मग टिळकवाडीतलं ते घर,
जिथं दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला पाहुणे येणार होते.
भरमाण्णा सगळ्यांना हवा होता,
गाडी कुणालाच नको.

तर परत आला. झुरळ काढा.
मी मिशांपासून सुरुवात केली.
पंधरवड्यानं: अक्षरं बारीक करा.
नागपंचमीच्या आदल्या दिवशी: जाऊ दे, सगळंच पांढरं मारा.
किती द्यायचे, विचारलं त्यानं.
लिहिण्याचे पैसे मागायला बापानं शिकवलं होतं,
न लिहिण्याचे कसे मागायचे ते नाही.
डब्याचे तेवढे घेतले.
यल्लूबाईनं फडकं खुंटीला लावलं ते लावलंच.
नाव नाही ती गाडी पुसू कुणाची म्हणून, म्हणाली.

आता बेळगावात पांढऱ्या गाड्या काय कमी आहेत?
दुधाच्या आहेत, शाळेच्या आहेत, बँकेच्या आहेत.
पण प्रत्येकीच्या अंगावर काहीतरी असतंच,
यल्लम्मा, आईचे आशीर्वाद, पोरांची नावं,
गेलाबाजार एखादं लिंबू तरी.
अंगावर काहीच नसलेली ही एकटी.
दिवाळीपर्यंत खडेबाजारातली पोरंही बोट दाखवायला लागली,
ए, कोरी गाडी उभी आहे, म्हणजे आत झुरळं!
कुंदावाल्याचा फोन आला, रात्री साडेअकराला:
काहीतरी लिहा की वो तिच्यावर!

म्हणून आज पुन्हा दोघं बसलोय,
गाडी शेडबाहेर, चहाचे ग्लास बंपरवर.
काय लिहायचं, त्याला सुचत नाही, मलाही नाही.
पाचच्या सुमारास ऊन तिरपं झालं
आणि पांढऱ्याखालून सगळं वर आलं,
वर कन्नड, खाली मराठी, दोन्हींचे उंचवटे,
आणि आरशाजवळ उजवी मिशी,
तिथं मी घाईत घासलं नव्हतं.
त्यानं अंगठ्यानं चाचपून बघितली.
हे राहिलंच की पेंटर.
राहू दे, म्हटलं.
बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,
फुलं काढली तर? मोगऱ्याची?
म्हटलं, काढतो की.
पण मोगऱ्यालाही कीड लागते, भरमाण्णा.
हसला. ग्लास उचलले.
ब्रश अजून टर्पेंटाइनमध्येच आहे.