तिरकी केबिन

नेरुळ, सेक्टर सहा. जेवणाच्या टेबलावर
जहाजाचा नकाशा, उडू नये म्हणून लोणच्याची बरणी.
प्रभंजन बोटाने एकेक बाल्कनी मोजतो,
सगळ्या सारख्या, काडेपेटीतल्या काड्या.
मागच्या वळणावर मात्र एक
करंजीसारखी, कडेला मुरड घातलेली.
"ही."
"अरे, दोन खुर्च्या मावतील का तिथे?"

तो पट्टी आणतो. हो, तीच, सिडकोतली,
पस्तीस वर्षं काटकोनात भूखंड आखलेली.
"एक नीट मावेल. दुसरी जरा
तिरकी."

खिडकीतून ओहोटीचा वास.
खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतंय, थांबतच नाही ते पिपाणं.
मी एफडीची तारीख आठवते,
आणि मागे सुटत जाणारं पाणी.

तिरकी माझी.
त्याला अजून सांगितलेलं नाही.