घरघर

चाळीसच्या पुढं गेलं की सुरू व्हायची.
विश्रामबागच्या चौकापर्यंत नाही,
पुढं रस्ता मोकळा मिळाला की
पायाखालून कुठूनशी,
रिकामं जातं कुणी ओढत बसावं तशी.

पेट्रोलची असती तर कळलंही नसतं.
इंजिनाच्या बडबडीत बरंच काही खपून जातं.
ही बिनआवाजाची.
हिच्यात मागच्या खोक्यातल्या
रक्ताच्या नळ्यांची किणकिणही ऐकू येते.
मिरजेच्या दवाखान्यांतून सांगलीच्या लॅबला
रोज बावीस, कधी तीस.
नाव, वय, उपाशीपोटी की जेवल्यावर.

शोरूमवाला म्हणाला, मोटर बदला.
आकडा सांगितला. मी पाणी पिऊन उठले.

शंभर फुटी रोडला शिकलगारांचं गॅरेज.
"घरघर लागलीय हिला," मी म्हटलं.
"घरघर माणसाला लागती, ताई.
चला, ऐकू तरी काय म्हणती."
शमशुद्दीनचाचांनी बॉनेट उघडलंच नाही.
शेजारी बसले, पट्टा लावला.
डावीकडं वळवा. आवाज चढला.
उजवीकडं. गप्प.
परत डावीकडं. चाचांचे डोळे मिटलेले.
"उजवं चाक. म्होरलं."
पण ओरडते तर डावीकडं वळताना!
"तवा वजन कुणावर पडतंय?
ज्याच्यावर पडतंय त्येच वरडणार की."

जॅकवर गाडीनं नाक वर केलं.
एक हात बाराला, एक हात सहाला,
दुखरी दाढ हलवून बघतात
तसं त्यांनी चाक हलवलं.
टक्.
पुन्हा. टक्.
मग म्हणाले, स्प्रिंगवर हात ठेवा,
आणि चाक फिरवलं.
माझ्या तळव्यात नदीची रेती सळसळली.

"पाण्यात हुती का?"

होती. पुराच्या वर्षी, गावभागात, दोन रात्री,
चाकांच्या आसापर्यंत.
पाणी उतरल्यावर जो तो विचारायचा, बॅटरी?
कंपनीचा माणूस मशीन लावून गेला. बॅटरी.
इचलकरंजीहून भावाचा फोन. बॅटरी?
ठणठणीत आहे, मी सगळ्यांना सांगत सुटले.
चाकांचं कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

अवधूत, अकरावीतला पोरगा,
पिन सरळ करतो, नट सोडतो, हब उतरवतो.
"लोखंडानं न्हाई रं, पितळंनं ठोक."
आतलं ग्रीस दुधाळ, उतू गेलेल्या चहासारखं.
चाचांनी कप पुसला, आतून नख फिरवलं.
नख अडकलं.
"संपलं," म्हणाले, आणि तो माझ्या हातात दिला.

डावंही बदलायचं का?
"पाणी दोन्हीला सारखंच हुतं.
ह्ये आधी बोललं, एवढंच."

नवीन बेअरिंग तळहातावरच्या ग्रीसमध्ये
दाबत राहिले, दाबत राहिले,
भरल्या वांग्यातनं मसाला डोकवावा
तसं वरून ग्रीस येईपर्यंत.
मग नट आवळला, चाक जड होईतो.
मग सोडला.
मग नुसत्या बोटांनी, परत थोडा.
"लई आवळलं तर जळतं,
सैल ठिवलं तर खातं."
अवधूत मान डोलावतो,
त्याचं लक्ष मोबाइलकडं.

दोन्ही चाकं, सील, मजुरी धरून
शोरूमच्या आकड्यातली शेवटची दोन शून्यं पुसा,
त्याच्या पाचपट, साडेपाचपट.
मी दोनदा विचारलं, एवढंच?

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या रस्त्याला
पंचेचाळीस. पन्नास.
काही नाही. नळ्यांची किणकिण फक्त.
चोपन्नला डॅशबोर्डच्या मागून कुठूनसं
एक बारीक चिर्र...
मी काच खाली केली,
वारा आत घेतला,
आणि मिरज येईस्तोवर
काही ऐकलंच नाही.