कारण: जमिनीची हालचाल

ओल्गा हुडाकच्या स्वयंपाकघरात
पातळी मोजायचं यंत्र बॅगेतून काढावंच लागलं नाही.
तिनं बरणीतला एक वाळका वाटाणा घेतला,
दाराशी ठेवला,
आणि तो टेबलाखालून, फ्रिजच्या कडेनं,
वाट पाठ असल्यासारखा
पूर्वेच्या कोपऱ्यात जाऊन थांबला.
तिथे आधीचे बरेच होते.
"मार्चपासून," ती म्हणाली. "रोज एक."

मी फोटो काढले.
जोत्याच्या भेगेत चार बोटं जातात, अंगठा नाही.
तसं लिहून घेतलं.

मग पॉलिसी उघडली.
आग चालते. गारा चालतात. चोर चालतो.
छपरावर विमान पडलं तरी चालतं
(इथे लोक जरा हसतात. ती हसली नाही.)
बर्फाच्या ओझ्यानं वासे मोडले तर चेक येतो.
जमीन हलली तर येत नाही.
भूकंप, दरड, खचणं, खाली जुनी खाण असणं:
पान चौदा, मुंगीएवढी अक्षरं.
त्याचा विमा वेगळा मिळतो,
महिन्याला एका पिझ्झ्याच्या पैशांत,
हे मी बोलून गेलो,
आणि बोलायला नको होतं.

"जमीन हलली कुठे?" ती म्हणाली.
"माझ्या सासऱ्यानं नेली ती.
एकोणीस वर्षं, गाडा भरभरून, ह्या फरशीखालून.
खाण बंद व्हायच्या वर्षी तर
छत पेलायला ठेवलेले कोळशाचे खांबसुद्धा फोडून आणले.
कंपनीनं त्यांचाही भाव दिला.
त्याच पैशांत हे घर घेतलं.
थोडी त्याच्या छातीत राहिली,
ती चर्चमागे पुरलीय.
बाकीची कुठे गेली
ते तुम्ही कागदावर शोधा."

माझ्या फॉर्मवर 'कारण' ह्या शब्दापुढे
एकच ओळ आहे.

तिनं कॉफी दिली, अक्रोडाची पोळीही कापली.
नाही म्हणणाऱ्या माणसालाही
ह्या पेनसिल्व्हेनियात उपाशी पाठवत नाहीत.
टेबल कललं होतं, कप कलला होता,
खिडकीही तिच्या चौकटीत कलली होती.
कॉफी तेवढी सपाट होती,
कपाच्या एका काठाला टेकलेली.
मी ती सांडू न देता प्यायलो
आणि त्या ओळीवर लिहिलं
जे लिहायचं असतं ते.

रात्री घरी पोचलो, बूट काढले.
आमचं गाव तिच्यापासून अकरा मैलांवर,
त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला.
बायकोला विचारलं,
घरात वाटाणे आहेत का.